'सत्यकथेवर आधारित' म्हणजे नक्की किती सत्य? मेरी इंगल्सच्या 800 किलोमीटरच्या पायपिटीची गोष्ट

माझ्या मोठ्या बहिणीला ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड आहे. मागच्या महिन्यात तिने अमेरिकेच्या जंगलातली एक कादंबरी वाचली, 1755 सालची गोष्ट, एका बाईला शॉनी लोक पकडून नेतात आणि ती पळून आठशे किलोमीटर चालत घरी येते. रात्री उशिरा तिचा मेसेज आला, "हे सगळं खरं आहे का गं? बाळाचं पण?" मी हो म्हणून टाइप केलं, खोडलं, नाही लिहिलं, ते पण खोडलं. कारण याचं उत्तर एका शब्दात नाहीच. सध्या ओटीटीवर अशा सरहद्दीच्या गोष्टींची रांग लागलीये आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी असते, आणि त्या 'आधारित' शब्दाखाली किती काय काय दडलेलं असतं हे कळलं की वाचायची मजा कमी होत नाही उलट वाढते असा माझा अनुभव आहे. म्हणून हे नीट लिहून काढते.

आधी ही 'सरहद्द' म्हणजे कुठली

इथे सरहद्द म्हणजे काटेरी कुंपण आणि चौकी असलेली बॉर्डर नाही. 1750 च्या आसपास इंग्रजांच्या वसाहती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला होत्या. त्यांच्या पश्चिमेला अॅपलेशियन डोंगररांगा आणि डोंगरापलीकडे ओहायो नदीचं खोरं. तिथे शॉनी, डेलावेर असे मूळनिवासी लोक राहायचे (त्या काळच्या इंग्रजी कागदांत त्यांना 'इंडियन' म्हटलंय, त्याचा आपल्याशी संबंध नाही). फ्रेंचांना त्या खोऱ्यातला व्यापार हवा होता, इंग्रजांना जमीन हवी होती. आणि ही जमीन कोणी तरी आधीच राहत असलेली होती, हे गोष्ट वाचताना सारखं डोक्यात ठेवावं लागतं.

मेरीची वस्ती होती ड्रेपर्स मेडो, व्हर्जिनियात, आजच्या ब्लॅक्सबर्ग गावाजवळ. म्हणजे वसाहतीच्या अगदी शेवटच्या टोकाला, दोन-चार घरं, थोडी शेती, बस. त्या भागातला मोठा जमीनवाला होता कर्नल जेम्स पॅटन, त्याच्या कंपनीला 1745 मध्ये डोंगरापलीकडची एक लाख एकर जमीन मंजूर झाली होती. मंजूर कोणी केली तर इंग्रज सरकारने. तिथे शिकार करणाऱ्या शॉनींना कोणी विचारलं नव्हतं.

1754 मध्ये इंग्रज-फ्रेंच लढाई पेटली आणि बरेच मूळनिवासी फ्रेंचांच्या बाजूने उतरले. हेच युद्ध पुढे जगभर पसरलं, सात वर्षांचं युद्ध म्हणतात ते, ज्यात 1760 ला आपल्याकडे दक्षिणेत वांदिवाशला इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं. मेरीच्या घरावरचा हल्ला त्याच मोठ्या भांडणाचा एक छोटासा तुकडा आहे.

आणि 'कैदकथा' म्हणजे काय

सरहद्दीवरून पकडून नेलेल्या आणि परत आलेल्या माणसांच्या हकिकती, यांना इंग्रजीत कॅप्टिव्हिटी नॅरेटिव्ह म्हणतात, आपण कैदकथा म्हणू. हा प्रकार अमेरिकेत फार जुना. मेरी रोलँडसन नावाची मॅसॅच्युसेट्समधल्या पाद्र्याची बायको 1676 मध्ये अकरा आठवडे कैदेत होती, तिचं पुस्तक 1682 ला आलं आणि लोकांनी अक्षरशः उचलून धरलं. तेव्हापासून एक साचा पडला: शांत घर, अचानक हल्ला, ताटातूट, हाल, आणि देवाच्या कृपेने सुटका. पुढच्या कादंबऱ्यांनी हाच साचा उचलला आणि देवाच्या जागी बाईची हिंमत बसवली. आज आपण जी पुस्तकं वाचतो त्यांचा सांगाडा साडेतीनशे वर्षं जुना आहे, हे एकदा कळलं की कुठला प्रसंग घडला म्हणून आहे आणि कुठला साच्यात लागतो म्हणून आहे हे थोडं थोडं दिसायला लागतं.

मेरीचं झालं काय

जुलै 1755. मेरी ड्रेपर इंगल्स तेव्हा 23 वर्षांची, नवरा विल्यम शेतात, घरी दोन मुलं, चार वर्षांचा थॉमस आणि दोन वर्षांचा जॉर्ज. शॉनींनी हल्ला केला त्यात मेरीची आई गेली, तिच्या वहिनीचं, बेटीचं तान्हं बाळ गेलं, आणि कर्नल पॅटन पण मारला गेला. मेरी, तिची दोन मुलं, बेटी आणि एक शेजारी यांना पकडून नेलं. विल्यम शेतातून धावत आला पण एकट्याने करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

(तारखेवरसुद्धा एकमत नाही बरं का. घरातल्या आठवणींत 8 जुलै आहे, तेव्हाच्या एका नोंदवहीत 30 जुलै. तीन आठवड्यांचा फरक.)

न्यू रिव्हर, मग कनावा, मग ओहायो अशा नद्यांच्या काठाकाठाने त्यांना नेलं, सायोटो नदी ओहायोला मिळते तिथल्या मोठ्या शॉनी गावात. तिथे मुलांना तिच्यापासून वेगळं करून वेगवेगळीकडे पाठवलं. मेरीला शिवण येत होतं. फ्रेंच व्यापाऱ्यांकडे चौकड्याचं कापड होतं, त्याचे ती शर्ट शिवून द्यायची आणि तिथल्या लोकांना ते इतके आवडले की नवा शर्ट काठीला टांगून गावभर मिरवला जायचा. मला या गोष्टीतला हा सगळ्यात जिवंत तपशील वाटतो. ज्यांनी तिची आई मारली त्यांच्यासाठी ती शर्ट शिवतेय, ते खूश होतायत आणि त्या शर्टांमुळे तिला थोडी मोकळीक मिळतेय, हे सगळं एकाच वेळी खरं.

तिथून तिला आणखी खाली, आजच्या केंटकीत बिग बोन लिक नावाच्या ठिकाणी मीठ करायला नेलं. लिक म्हणजे खाऱ्या पाण्याचा झरा, जिथे जनावरं मीठ चाटायला येतात. तिथे हत्तीसारख्या प्राचीन प्राण्यांची प्रचंड हाडं पडलेली असायची म्हणून ते नाव. आपल्या मिठागरात काम ऊन करतं, तिथे लाकडं जाळून पाणी आटवायचं, कढईभर पाण्याचं मूठभर मीठ. म्हणजे सतत माणसं लागणार, आणि लाकूडफाटा, फळं गोळा करायला बायका जंगलात जाणार. हीच फट मेरीने हेरली. ऑक्टोबरच्या मध्यात, द्राक्षं आणायच्या निमित्ताने ती आणि एक वयस्क बाई निघाल्या त्या परत आल्याच नाहीत.

नकाशा नाही, होकायंत्र नाही, मग रस्ता कसा सापडला?

हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर एका शब्दात आहे, नदी.

समजा पंढरपूरच्या एखादीला कोणी भीमेच्या काठाने खाली खाली नेलं. रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते, तिथून कृष्णेच्या काठाने आणखी खाली नेलं. परत यायचं तर तिला काय लक्षात ठेवावं लागेल? कृष्णेच्या काठाने वर चालत राहायचं आणि भीमेचा संगम आला की बरोबर वळायचं. तो संगम चुकला तर ती पोचणार सांगली-कऱ्हाडला. मेरीचं अगदी हेच. ओहायो म्हणजे तिची कृष्णा आणि कनावा म्हणजे तिची भीमा, आणि कनावाच वर गेल्यावर न्यू रिव्हर होते जी थेट तिच्या घराकडे जाते. जाताना तिने खुणा बघून ठेवल्या होत्या असं घरात सांगत.

पण यात एक मोठी अडचण होती. दोघींनाही पोहता येत नव्हतं. मुख्य नदीला वाटेत कितीतरी उपनद्या येऊन मिळतात, लिकिंग, बिग सँडी, गायंडॉट अशा चांगल्या मोठ्या, आणि ओढे तर किती. प्रत्येक उपनदीच्या तोंडाशी पाणी खोल असतं, म्हणून तिच्या काठाने उलट वर जायचं, उतार सापडेपर्यंत, तिथून पलीकडे व्हायचं आणि परत तेवढंच खाली चालत मुख्य नदीवर यायचं. म्हणजे नकाशावर जे अंतर दिसतं त्याच्या कितीतरी जास्त पाय झिजले. एकूण अंतराचे अंदाज साधारण 800 ते 950 किलोमीटर असे आहेत आणि दिवस लागले चाळीसच्या थोडे वर. म्हणजे रोजचे वीसेक किलोमीटर. पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चाललेल्यांनी हिशोब करून बघा, तिथे अडीचशे किलोमीटरला अठरा-वीस दिवस लागतात, रस्ता असतो, मुक्काम असतो, कोणीतरी प्रेमाने भाकरी हातात ठेवतं. इथे नोव्हेंबरची थंडी आणि अंगावर एकेक घोंगडी.

शेवटचा टप्पा तर न्यू रिव्हरच्या घळईतून, उभे कडे आणि खाली खडकाळ पाणी. तो भाग 2020 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, फोटो शोधून बघा, मग कळतं 'काठाकाठाने चालली' हे लिहायला किती सोपं आहे.

खाल्लं काय?

सुरुवातीला नशीब बरं होतं, शरद ऋतू होता. अक्रोड, हिकरी नावाच्या झाडाचे तसलेच कठीण कवचाचे दाणे, जंगली द्राक्षं, पॉपॉ नावाचं एक फळ (पपई नव्हे). अक्रोड आणि हिकरीत तेल भरपूर असतं म्हणून मूठभर दाण्यांवर शरीर बराच वेळ तग धरतं, नुसत्या पाल्यावर धरलं नसतं. वाटेत त्याच मोठ्या शॉनी गावाच्या पलीकडच्या काठावर एक रिकामी झोपडी, थोडा मका आणि एक घोडा पण मिळाला. घोडा पुढे बिग सँडी ओलांडताना, वाहून आलेल्या ओंडक्यांच्या ढिगात अडकून गेला. नंतर दाणे संपले, थंडी वाढली, मुळं खणून खायची वेळ आली, कुठलं मूळ विषारी ते माहीत नसताना. कपडे काटेकुट्यांत फाटून गेले.

कादंबऱ्या इथे बहुतेक वेळा हिमतीवर भर देतात, पण मला वाटतं ऑक्टोबरमध्ये निघणं हा जीव वाचवणारा निर्णय होता. महिनाभर उशीर झाला असता तर जंगलात खायला काहीच मिळालं नसतं.

ती 'म्हातारी डच बाई' कोण?

हिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तिचं नाव कुठेच नाही. हकिकतीत फक्त 'ओल्ड डच वुमन'. डच म्हणजे इथे हॉलंडची नव्हे, जर्मन लोक स्वतःला डॉइच म्हणतात त्याचं झालेलं डच, म्हणजे बहुतेक पेनसिल्व्हेनियातली जर्मन बाई. कादंबरीकार तिला नाव देतात, घर देतात, स्वभाव देतात, आणि ते द्यावंच लागतं कारण चाळीस दिवस सोबत चालणारं पात्र बिननावाचं कसं ठेवणार. पण ते सगळं कल्पनेतलं आहे.

शेवटी उपासमारीने तिचं डोकं फिरलं आणि मेरीला मारून खायच्या गोष्टी ती करायला लागली, एकदा अंगावर पण आली. मेरी कशीबशी निसटली, रात्री काठावर एक जुनी होडी सापडली, वल्हवता येत नसताना पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी दोघी नदीच्या दोन काठांवर. म्हातारी हाका मारून विनवत होती की ये, मी काही करणार नाही, आणि मेरी गेली नाही.

पुढे काही दिवसांनी मेरी अॅडम हार्मन नावाच्या जुन्या शेजाऱ्याच्या मक्याच्या शेतात येऊन पडली आणि ओरडली, त्याने आवाजावरून ओळखलं. थोडी शुद्धीवर आल्यावर तिने त्या म्हातारीला शोधायला लोकांना पाठवायचा हट्ट धरला. म्हातारी पण जिवंत सापडली, शिकाऱ्यांच्या रिकाम्या तळावर तिला मांस आणि घोडा मिळाला होता. दोघी भेटल्या तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या असं सांगतात. मग ती पेनसिल्व्हेनियाकडे निघून गेली आणि गोष्टीतून पण गेली.

आता मुख्य प्रश्न: बाळ होतं का?

बहुतेक वाचकांना याच प्रसंगाने रडवलेलं असतं. पकडल्यावर तिसऱ्या दिवशी मेरी जंगलात बाळंत होते, आणि पळून जाताना तीन महिन्यांची मुलगी मागे सोडून जाते. रडली तर सगळे जागे होतील म्हणून. 1981 च्या गाजलेल्या कादंबरीचा तर तो कणाच आहे.

हे आलं कुठून ते बघू. मेरी स्वतः काही लिहून ठेवून गेली नाही, 1815 मध्ये 83 वर्षांची होऊन वारली. तिचा मुलगा जॉन, जो या सगळ्यानंतर 1766 ला जन्मला, त्याने आईवडिलांकडून ऐकलेलं 1824 च्या सुमारास लिहून काढलं, म्हणजे घटनेनंतर सत्तरेक वर्षांनी. त्यात बाळ नाही. बाळ ठळकपणे येतं ते तिच्या पणतूच्या, जॉन हेलच्या 1886 च्या पुस्तकात. म्हणजे एकशे तीस वर्षांनी.

आपल्याला हे नवं नाही. सभासदाची बखर 1697 च्या आसपासची, महाराजांना पाहिलेल्या माणसाची, आणि चिटणिसाची बखर 1810 च्या आसपासची. दोन्हीत एखादा प्रसंग वेगळा असेल तर अभ्यासक दोन्हींना सारखं वजन देत नाहीत, फक्त उशिराच्या बखरीत असेल तर जपून घेतात. बाळाचं प्रकरण चिटणिसाच्या बखरीसारखं आहे.

उलट बाजूने पण एक मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. आईने तान्हं बाळ सोडलं ही गोष्ट 1824 मध्ये मुलाला कागदावर आणाविशी वाटली नसेल, घराण्याची अब्रू म्हणून गाळली असेल. होऊ शकतं. पण बाळंत झाल्यावर लगेच घोड्यावर बसून डोंगर ओलांडणं, महिनाभर प्रवास, मग मीठ करायचं काम, हे सगळं आणि मुलाचं मौन एकत्र ठेवलं तर माझा कल 'बाळ नसावं' याच बाजूला आहे. ताईला मी तेच सांगितलं. ती थोडी नाराज झाली.

"पण दोन मुलं तर होती ना, त्यांना टाकून कशी गेली?"

हा पुढचा आक्षेप, आणि तो बहुतेक वेळा बायकाच घेतात. मुलं तिच्याजवळ नव्हतीच, ती कुठे आहेत हे तिला कळायचा मार्ग नव्हता. थांबली असती तर मुलं मिळाली असती असं नाही. जॉर्ज कैदेतच लहानपणी गेला. आणि पळून आल्यावर खंडणी देऊन सोडवायचे प्रयत्न घरच्यांनी वर्षानुवर्षं केले. ती घरी पोचली तेव्हा विल्यम आणि तिचा भाऊ तिथे नव्हते, चेरोकी लोकांकडे मध्यस्थी मागायला गेले होते. वहिनी बेटी सहा वर्षांनी सुटली.

"मग शॉनी लोक खलनायक का?"

या प्रकारच्या पुस्तकांवर माझा खरा राग इथे आहे. जुन्या कैदकथांमध्ये मूळनिवासी फक्त किंचाळत येतात आणि जाळून जातात. पण पकडून नेण्यामागे एक पद्धत होती. लढाईत, साथीत माणूस गेला की त्याच्या जागी पकडून आणलेल्याला दत्तक घ्यायचं, त्याला तेच नातं द्यायचं. नुसतं म्हणायला नव्हे, खरोखरचं. मेरी जेमिसन ही पेनसिल्व्हेनियातली मुलगी 1758 ला पकडली गेली, सेनेका लोकांतल्या दोन बहिणींनी लढाईत गेलेल्या भावाच्या जागी तिला घेतलं. तिने तिथेच लग्न केलं, मुलं झाली, परतायची संधी आली तरी परतली नाही, 1833 मध्ये तिथेच गेली. 1764 मध्ये इंग्रज सैन्याच्या कर्नल बुकेने ओहायो खोऱ्यातून दोनशेच्या वर कैदी सक्तीने परत घेतले तेव्हा त्यातल्या काहींना शॉनींनी बांधून आणलं, कारण ते कैदी जायलाच तयार नव्हते.

याने हल्ल्यातले मृत्यू पुसले जात नाहीत. बेटीचं बाळ मेलं ते मेलंच. पण ज्यांची जमीन एक लाख एकराच्या कागदावर परस्पर वाटली गेली, ज्यांना पुढे हाकलत हाकलत पश्चिमेला नेलं आणि ज्यांचे वंशज आज ओक्लाहोमात आहेत, त्यांच्या घरातली हकिकत 1824 मध्ये कोणी लिहून घेतली नाही. शर्ट आवडलेल्या माणसाला काय वाटलं हे आपल्याला कधीच कळणार नाही. चांगली कादंबरी तिथे कल्पना वापरते. वाईट कादंबरी तिथे फक्त आरोळ्या भरते.

"कादंबरीच आहे ना, एवढं काय मनावर घ्यायचं?"

कादंबरीकाराला सूट हवीच. म्हातारीला नाव द्या, संवाद लिहा, तिच्या डोक्यात शिरा. माझी अपेक्षा एवढीच की शेवटी दोन पानांची टीप हवी, हे सापडलं, हे मी घातलं. कारण कादंबरीतलं हळूहळू इतिहासात मुरतं, लोक ते बाळ खरं धरून चालतात आणि मग जॉनने सत्तर वर्षांनी का होईना प्रामाणिकपणे लिहिलेलं खोटं वाटायला लागतं. वाचताना मी स्वतः तीन गोष्टी बघते, कोणी सांगितलं, किती वर्षांनी, आणि कोणाची बाजू गोष्टीत अजिबात नाही.

थॉमस परत आला तेव्हा

कादंबऱ्या बहुतेक मेरी घरी पोचते तिथे संपतात, पण घरात ही गोष्ट तिथे संपली नव्हती. थोरला मुलगा थॉमस तेरा वर्षं शॉनींकडे वाढला. एकदा एका माणसाला पाठवून पैसे देऊन त्याला सोडवलं, तर तो वाटेतून पळाला आणि परत शॉनी घरी गेला. शेवटी 1768 मध्ये विल्यम स्वतः जाऊन घेऊन आला, तेव्हा तो सतरा वर्षांचा. आईशी बोलायला त्याच्याकडे भाषा नव्हती, इंग्रजी पूर्ण विसरला होता. त्याला शिकायला पाठवलं, पुढे लग्न झालं, पण त्याचं मन वस्तीत कधीच पुरतं रमलं नाही, तो आणखी आणखी आत, लांब जागी राहायला जात राहिला.

1782 मध्ये तो बर्क्स गार्डन नावाच्या एकाकी खोऱ्यात राहत असताना त्याच्या घरावर शॉनींचा हल्ला झाला, बायको आणि तीन मुलांना पकडून नेलं. मेरी तेव्हा पन्नाशीची होती. थॉमस माणसं जमवून मागावर निघाला, ज्या जंगलात माग कसा काढायचा हे त्याला लहानपणी शॉनींनीच शिकवलं होतं. त्याने त्यांना गाठलं. बायको डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव लागूनही वाचली, तान्ही मुलगी वाचली. दोन मोठी मुलं वाचली नाहीत.